पावरा म्हटलं, पवार ऐकलं

पत्र चार पानी आहे. वहीचे फाडलेले कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. मुलीच्या परवानगीने गोषवारा देते. ओळख पटेल असं काढून टाकलं आहे.

वय १९. घर नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्या पुढे एका पाड्यावर. समाज पावरा, घरची भाषा पावरी. आश्रमशाळेत शिकली, बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली, आता पुण्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून आदिवासी विकास विभागाच्या स्वयं योजनेच्या पैशांवर तीन मुलींबरोबर कॉट बेसिसवर राहते. पहिल्या दिवशी आडनाव सांगितलं ‘पावरा’. मुलींनी ‘पवार’ ऐकलं. तिने दुरुस्त केलं नाही. गाव विचारलं तर शहादा सांगितलं. त्याला दीड वर्ष झालं. आईला मराठी जेमतेम कळतं, तरी रूमवर फोन आला की ही मराठीतच बोलते. आई दोन वाक्यं ऐकते आणि फोन धाकट्या भावाकडे देते. हल्ली आई फोन करतच नाही.

मागच्या सेमिस्टरला तोंडी परीक्षेत ‘ते झाड’च्या जागी ‘तो झाड’ निघून गेलं. बॅच हसली, परीक्षक म्हणाले, “आधी मराठी तरी धड शिका.” कॉलेजातला कर्मचारी वर्गाच्या दारातून “एसटीवाल्यांनी फॉर्म घेऊन जा” असं ओरडतो तेव्हा ती बाकावरून उठत नाही, नंतर एकटी जाते. गॅदरिंगच्या मुलांना यादीवरून कळलंच आहे. त्यांनी ट्रॅडिशनल डेला ‘तुमचा तो होळीचा डान्स’ बसवायला सांगितलंय. आणि यंदा वडिलांनी नवस फेडायचं ठरवलंय. मुलगी शिकायला पुण्याला गेली, तो नवस. ते होळीत बुध्या होणार, म्हणजे नवसाचा पोशाख घालून नाचणार. घरी सगळे म्हणतात, तू पाहिजेस. प्रॅक्टिकलची परीक्षा त्याच आठवड्यात.

तिचे प्रश्न तीन. बोलण्यातला हेल कसा घालवू? होळीला गेले नाही तर चालेल का? रूममेट्सना आता खरं सांगितलं तर ‘दीड वर्ष खोटं बोललीस’ म्हणतील, मग न सांगितलेलंच बरं ना?

*

तू मला ‘मॅडम’ लिहिलंस. ‘ताई’ चालेल. माझी भाचीसुद्धा तुझ्यापेक्षा मोठी आहे, म्हणून मी ‘तू’च म्हणते.

होळीचं आधी बोलू, कारण त्याला तारीख आहे.

तू असं मांडलंस की एका पारड्यात परीक्षा आणि दुसऱ्यात घर. मी तीस वर्षं कॉलेजात शिकवलं आहे, त्यातली निम्मी प्रॅक्टिकलच्या याद्या लावण्यात गेली. प्रॅक्टिकलची परीक्षा एका दिवसात होत नाही. बॅचेस असतात, त्या चार-पाच दिवस चालतात, आणि बॅच बदलून देणं हे विभागप्रमुखाच्या हातातलं काम आहे. बहिणीचं लग्न, क्रिकेटची मॅच, गणपतीतलं ढोलपथक, यांसाठी मुलं बॅच बदलून घेतात आणि आम्ही देतो. मग होळीसाठी का मागू नये? तुझ्या मनात कुठेतरी बसलंय की त्यांचा सण ही ‘अडचण’ आणि तुझा सण ही ‘सबब’. ते काढून टाक. साधा अर्ज लिही. ‘सातपुड्यात आमच्या समाजात होळी हा वर्षातला सर्वांत मोठा सण असतो, यंदा वडिलांचा नवस आहे, मला पहिल्या बॅचमध्ये घ्यावं ही विनंती.’ तीन ओळी पुरेत. जर्नल त्याआधी सर्टिफाय करून घे म्हणजे कुणाला बोलायला जागा राहणार नाही. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या वर आहे ना, तेही बघून ठेव. कॅलेंडरात सुट्टी फक्त धुळवडीची असते. तुमच्याकडे गावोगावच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी पेटतात, हे पुण्यातल्या विभागप्रमुखाला ठाऊक असण्याचं काही कारण नाही. सांगावं लागेल. नाही म्हणालेच, तर प्राचार्यांकडे तोच अर्ज दे. तिथेही नाही झालं, तर परीक्षा दे आणि मागाहून जा. वडील समजून घेतील. पण न मागता आधीच ‘जमणार नाही’ म्हणून घरी कळवू नकोस.

तू लिहिलंस की नवसाच्या दिवसांत वडील पालनी पाळतील, खाटेवर झोपणार नाहीत, पायात चप्पल घालणार नाहीत. ते वाचून मी थांबले. इकडे तू एका खाटेपुरत्या जागेचं भाडं भरतेस आणि तिकडे ते तुझ्या शिक्षणासाठी जमिनीवर झोपणार. जा बाई.

आता गॅदरिंग. बुध्याच्या कमरेचे सुकवलेले भोपळे, घुंगरू, डोक्यावरचा मोरपिसांचा टोप, हा नवसाचा पोशाख आहे. पंढरीच्या वारकऱ्याला कुणी म्हणत नाही, की ट्रॅडिशनल डेला दिंडीची ॲक्टिंग करून दाखव. त्या मुलांच्या मनात वाईट असेलच असं नाही. त्यांना बहुधा एका रांगेत लावणी, कोळीनृत्य, आदिवासी असे आयटम हवे आहेत. तू सांग, “तो आमचा नवस असतो, स्टेजवर करत नाही.” तुला हौस असेल तर आईच्या नेसण्याप्रमाणे नेसून, चांदीचे दागिने घालून त्या दिवशी जा. नसेल तर जीन्स घालून जा. अख्ख्या समाजाची प्रतिनिधी म्हणून तुला ॲडमिशन मिळालेली नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ‘आपली संस्कृती अभिमानाने मिरव’ असा सल्ला तुला सगळीकडून मिळेल. कधी मिरवायची, कुणापुढे, आणि कधी गुपचूप जेवून झोपायचं, हे तुझं तू ठरव.

तुझा पहिला प्रश्न हेलाचा. तू पत्राच्या शेवटी लिहिलंस, ‘मला मराठी येत नाही, चुका पोटात घाला.’ जुनी खोड म्हणून मी लाल पेन घेऊन मोजल्या. चार पानांत आठ. मला दर आठवड्याला पत्रं येतात. जन्मापासून मराठी बोलणारी माणसं एका पानात आठ करतात. तू पहिलीत गेलीस तेव्हा घरात मराठी नव्हतं. ‘अख्खं वर्ष मी वर्गात बोललेच नाही, गुरुजींना वाटलं मुकी आहे,’ हे तुझंच वाक्य. ती मुकी मुलगी मराठी शिकली, मराठीतून गणित-विज्ञान शिकली, मग अकरावीत तेच विज्ञान पुन्हा इंग्रजीतून शिकली. तुझ्या शेजारच्या बाकावरची पुण्याची मुलगी एक उडी मारून आली. तू दोन मारल्यास, आणि दुसरी अजून हवेत असताना लोक पहिलीचे गुण काढतायत.

भिवंडीच्या एका मुलीने मागे असंच कळवलं होतं. तिचं दहावीपर्यंतचं शिक्षण उर्दू माध्यमात. प्रकाशसंश्लेषणाला ती ‘ज़ियाई तालीफ़’ म्हणून ओळखायची, आणि अकरावीत ‘फोटोसिंथेसिस’ आल्यावर पहिला महिनाभर तिला वाटलं हे काहीतरी नवीनच आहे. विषय येत होता, शब्द नव्हता. वर्गात मात्र ‘हिला काही येत नाही’ असं ठरून गेलं. तांड्यावरून आलेली बंजारा मुलं, ईशान्य भारतातून पुण्यात आलेली मुलं, सगळ्यांच्या पत्रांत ही एक ओळ कुठेतरी असतेच.

तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या कर. एक, परीक्षेची भाषा. ती कमवावी लागते, सगळ्यांनाच. दुसरा, तुझा हेल. त्याच्या मागे लागू नकोस. ‘तो झाड’चं ‘ते झाड’ आपोआप होईल, दोन वर्षांत तुझं तुलाच हसू येईल. हेल राहील थोडा. राहू दे.

माझं सांगते. मी तळकोकणातली. पुण्यात वसतिगृहात घरून फोन आला की मालवणीत बोलायचे आणि मागे मुली ‘खंय गो, खंय गो’ करून चिडवायच्या. मीही वर्षभरात पुणेरी झाले. ही गोष्ट मी पूर्वी ‘आपण सगळेच यातून गेलो’ या सुरात सांगत असे. तुझं पत्र वाचून सांगवत नाही. माझ्या बोलीवर हसणारे लोकच तिकीट काढून मालवणी नाटकाला जात होते. तुला कॅन्टीनमध्ये एका मुलाने विचारलं, तसं ‘तुम्ही उंदीर खाता का’ असं मला कुणी विचारलं नाही. चिडवण्याखाली कुठेतरी लाड होता. तुझ्या बाबतीत तो नाही, आणि ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणणाऱ्यांना हा फरक कळत नाही.

मनाशी असू दे म्हणून दोन आकडे देते, भांडायला नव्हे. जनगणनेत पावरी भिली गटात मोजतात. २०११ला त्या गटाचे बोलणारे एक कोटी चार लाख होते. त्याच जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१. संस्कृत राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे, भिली नाही. माझा संस्कृतशी काही झगडा नाही, चार वर्षं आवडीने शिकले आहे. पण एखादी भाषा ‘भाषा’ आणि दुसरी ‘बोली’ का ठरते, हे बोलणाऱ्यांच्या संख्येवर ठरत नाही. आणि तुझ्या नंदुरबार जिल्ह्यात दर दहांतली जवळपास सात माणसं आदिवासी आहेत. तिथे तू चारचौघींसारखी होतीस. शहाद्याहून रात्रीच्या एसटीत बसलीस आणि सकाळी पुण्यात उतरलीस ती ‘अल्पसंख्य’ होऊन. एका रात्रीत तुझ्यात तर काही बदललं नव्हतं!

परीक्षेच्या भाषेसाठी एक युक्ती सांगते, माझ्या बऱ्याच मुलांना उपयोगी पडली. रोज रात्री एक टॉपिक घे आणि भावाला फोनवर पावरीतून समजावून सांग. तू लिहिलंस की तो यंदा अकरावी सायन्सला आहे. सेल, मेम्ब्रेन, ऑस्मॉसिस हे शब्द तसेच ठेव, बाकी सगळं पावरीत. जिथे अडशील तिथे तुला भाषा नव्हे, विषयच कळलेला नाही हे लक्षात येईल, आणि ते परीक्षेच्या आधी कळलेलं बरं. मग तेच इंग्रजीत मोठ्याने म्हण आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐक. पहिले आठ दिवस स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटते, नंतर सवय होते. तोंडी परीक्षेत उत्तर यायला वेळ लागला तर “सर, एक मिनिट, विचार करून सांगते” एवढं वाक्य पाठच करून ठेव. गप्प बसलेल्या मुलीला उत्तर येत नाही असं परीक्षक धरून चालतात. मीही धरत असे.

त्या परीक्षकांचं मी समर्थन करणार नाही. बाहेरून आलेले होते, एका दिवसाचे पाहुणे, ते सोड. तो फॉर्मवाला मात्र रोजचा आहे आणि तो विषय सोडू नकोस. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१२चे समतेविषयीचे नियम आहेत. वर्गात विद्यार्थ्यांची जात-जमात उघड वा आडून जाहीर करणं, त्यांच्यावर ‘रिझर्व्हेशनवाले’ असा शिक्का मारणं, हे त्यात भेदभाव म्हणून लिहिलेलं आहे. त्या नियमांप्रमाणे कॉलेजात भेदभावविरोधी अधिकारी आणि समान संधी कक्ष असायला हवा. बहुतेक ठिकाणी तो एखाद्या फळ्यावर नावापुरता असतो. तरी त्या नावाने अर्ज दे, ‘फॉर्मची सूचना नोटीस बोर्डावर लावावी, वर्गात पुकारू नये’ एवढीच मागणी कर. कुणाला शिक्षा माग असं मी म्हणत नाही. अशी छोटी मागणी पटकन मान्य होते असा माझा अनुभव आहे. तुझ्या वर्गात त्या पुकाऱ्याला न उठणारी तू एकटीच असशील असं मला वाटत नाही. एखादी बरोबर आली तर दोघींनी सह्या करा.

‘कोट्यातून आलीस’ याचं उत्तर द्यायला रात्रभर जागू नकोस. राज्यात अनुसूचित जमातींना सात टक्के जागा आहेत, त्यातून तू दारातून आत आलीस. आतला पेपर सगळ्यांना एकच असतो, पास व्हायचे मार्क एकच असतात.

तुझ्या वडिलांनी पुण्याला पाठवायच्या आधी डॉ. पायल तडवीबद्दल विचारलं होतं, असं तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस. मी तशी पुढे जाणार नाही. २०१९च्या मे महिन्यात मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या त्या भिल्ल तडवी मुलीने जीव दिला, छळाचे आरोप झाले, प्रकरण कोर्टात गेलं. वडिलांची भीती खोटी नव्हती. म्हणून विचारते. तू ‘झोप लागत नाही’ असं दोनदा लिहिलंस. ते नुसतं परीक्षेचं टेन्शन आहे का? नसेल, किंवा सांगता येत नसेल, तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं. फोन करायला फार काही बिघडलेलं असावं लागत नाही. आणि मला पुन्हा लिही.

राहिल्या रूममेट्स.

तू स्वतःला खोटारडी म्हणवून घेतेस. मला ते पटत नाही. अठरा वर्षांची मुलगी अनोळखी शहरात पहिल्या रात्री तीन अनोळखी मुलींच्या खोलीत शिरते, त्या तिचं नाव चुकीचं ऐकतात, आणि त्या चुकीत तिला थोडा आडोसा सापडतो. कुणीही घेतला असता. पण आडोशाचं भाडं वाढत गेलं. आधी आडनाव गेलं, मग गाव, मग सण, आणि आता आईचा आवाज. सांगण्याचं कारण असेल तर ते हे एवढंच. बाकी त्या तिघींचं तू काही देणं लागत नाहीस.

तू धरून चाललीस की तिघी सारख्याच वागतील, कॅन्टीनमधल्या त्या मुलासारख्या. पण तुझ्याच पत्रात दुसऱ्या पानावर आहे की दिवाळीनंतर तुला ताप आला तेव्हा लातूरच्या मुलीने तीन दिवस मेसचा डबा आणून दिला, भात मऊ करून घेतला. तिसऱ्या पानावर तू तिला बाकी दोघींबरोबर एका ओळीत टाकलंस. असं का? सुरुवात तिच्यापासून कर. सगळ्यांना समोर बसवून जाहीर करायची गरज नाही. चहा पिताना म्हण, “अगं, माझं आडनाव पवार नाही, पावरा आहे. आम्ही पावरा आदिवासी. शहाद्याची नाही मी, धडगावच्या पुढची. पहिल्या दिवशी तुम्ही चुकीचं ऐकलंत आणि मला दुरुस्त करायची भीती वाटली.” शेवटचं वाक्य गाळू नकोस. दीड वर्षाचा हिशोब त्यात येतो.

ती कदाचित “मग काय झालं?” म्हणेल. तसं झालं तर थोडा रागच येईल तुला, की एवढं ओझं वाहिलं आणि हिला काहीच नाही! कदाचित ती काही बावळट प्रश्न विचारेल. बावळट आणि दुष्ट यात फरक असतो, तो तुला ऐकताक्षणी कळेल. बावळट प्रश्नांना वाटलं तर उत्तर दे, कंटाळा आला तर “आत्ता नको” म्हण. आणि कुणी खरंच दुष्टपणा केला, ताट वेगळं ठेवलं, टोमणे सुरू केले, तर समजूत घालत बसू नकोस. जागा बदल. पुण्यात आदिवासी मुला-मुलींचे गट आहेत, ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, एकत्र येतात. तू मुद्दाम त्यांच्यापासून लांब राहिलीस असं लिहिलंस. खोली शोधायला त्यांच्याइतकी मदत दुसरं कोणी करणार नाही.

होळीहून येताना घरचा आमचूर घेऊन ये. उन्हात वाळलेल्या त्या पांढऱ्या फोडी धडगावहून पोत्यांनी बाजारात जातात. या मुलींच्या भेळेत, आमटीत पडत असतील, त्यांना पत्ता नसेल. तुझ्या आईने त्या कापताना बोटं कशी काळी पडतात हे तू लिहिलंस, ते मला फार आवडलं. तेवढं लातूरच्या मुलीला सांग. बाकी भाषण नको.

आणि आईला फोन आजच कर, हे पत्र छापून येण्याची वाट बघू नकोस. जिन्यात जाऊन नव्हे, कॉटवर बसून, पावरीतून. भावाने उचलला तर त्याला म्हण, आईकडे दे.